लेकरू लहान आहे, त्याला काय कळतंय?

रमजानात पहाटे साडेतीन-चारच्या सुमारास नांदेड आणि लातूरच्या मोहल्ल्यांत दिवे लागतात. सहरीसाठी चुली पेटतात, भांड्यांचा आवाज होतो, कुणीतरी शेजारचं दार वाजवून उठवतं. लहान लेकरं रोजा नसतानाही हट्टानं उठून बसतात. वर्षातला हा एकच महिना असा, की त्या वेळेला अख्खा मोहल्ला जागा असतो.

याच वेळेची आपल्या भागाला आणखी एक आठवण आहे. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून थकलेली गावं गाढ झोपेत होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात जमीन हादरली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे १० हजार माणसं गेली. ५२ गावं जणू नकाशावरून पुसली गेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचा थर चढवलेलं जड माळवद, हेच घर उन्हाळ्यात गारवा द्यायचं आणि तेच त्या रात्री अंगावर आलं.

अगदी अलीकडची गोष्ट म्हणजे २१ मार्च २०२४ ची. रमजानचा दहावा रोजा. सहरी आणि फजरची नमाज आटोपून माणसं जरा आडवी झाली होती. सकाळी ६ वाजून ८ मिनिटांनी हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेल्या ४.५ रिश्टरच्या धक्क्यानं नांदेड, परभणी, हिंगोली हलली. लोक लेकरांना कडेवर घेऊन रस्त्यावर आले. नुकसान फार झालं नाही. तासाभरात मोठ्यांची चर्चा सुरू झाली, मोबाइलवर निरोप फिरले, हसणंही झालं. पण कडेवरच्या लेकराला कुणी विचारलं नाही, की तुला काय वाटलं?

कारण आपल्याकडे एक वाक्य तयार असतं: "लहान आहे ते, त्याला काय कळतंय?" मराठी बोलणाऱ्या घरात हे वाक्य आहे, दखनी बोलणाऱ्या घरात आहे, तांड्यावर आहे, शहरातल्या फ्लॅटमध्येही आहे. बोलणाऱ्याची माया खरी असते. पण लेकराला कळतं. ते त्याला शब्दांत सांगता येत नाही, एवढंच.

पंचनाम्यात न येणारं नुकसान

ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात एका रात्रीत एवढा पाऊस झाला, की लेंडी प्रकल्पाच्या परिसरातली रावणगाव, हसनाळ, भासवाडी, भिंगेली ही गावं पाण्यानं वेढली गेली. बचाव पथकं आली, लष्कराची मदत घ्यावी लागली. माणसं दगावली, जनावरं गेली. पुढे सप्टेंबरात मराठवाड्याच्या बहुतेक जिल्ह्यांत अतिवृष्टी झाली. मग पंचनामे झाले. किती घरं पडली, किती हेक्टर सोयाबीन गेलं, किती म्हशी, किती शेळ्या. हे मोजणं गरजेचंच आहे, त्याशिवाय मदत मिळत नाही. मात्र त्या रात्री छतावर बसून, अंधारात पाण्याचा आवाज ऐकत आईच्या पदराला घट्ट धरून बसलेल्या चार वर्षांच्या लेकराचं काय झालं, यासाठी पंचनाम्यात रकाना नाही.

तो रकाना घरच्यांनी, शेजाऱ्यांनी, अंगणवाडीताईंनी आणि शिक्षकांनी भरायचा असतो. त्यासाठी आधी काय बघायचं ते माहीत हवं.

दोन-तीन वर्षांच्या आतलं लेकरू घाबरलं तर ते चिकटतं. आई नजरेआड झाली की किंचाळतं. दूध, जेवण सोडतं. झोपेतून दचकून उठतं. नुकतं बोलायला लागलेलं असेल तर शब्द थांबतात. तीन ते सहा वर्षांच्या वयात अंथरूण पुन्हा ओलं होऊ लागतं, अंगठा पुन्हा तोंडात जातो, एकट्यानं मोरीत जायला नको वाटतं. कारण नसताना पोट दुखतं, डोकं दुखतं. ढग गडगडले, मालट्रक गेला, विमान गेलं, तरी ते धावत येतं. कधी उलटं होतं: पूर्वी शांत असलेलं लेकरू मारायला, चावायला, वस्तू फेकायला लागतं. मोठ्यांना तो हट्ट वाटतो आणि पाठीत धपाटा बसतो.

आणखी एक खूण आहे, ती बऱ्याचदा चुकीची वाचली जाते. पूर येऊन गेल्यावर लेकरं पूर-पूर खेळतात. खोक्याची नाव करतात, बाहुली बुडवतात, परत काढतात. भूकंपानंतर ठोकळ्यांचं घर रचून पाडतात, पुन्हा रचतात. बघणाऱ्या आज्जीला ते अभद्र वाटतं, ती ओरडते. पण लेकराकडे बोलायला शब्द कमी असतात, म्हणून ते खेळातून बोलतं. तो खेळ थांबवू नये. शेजारी बसावं आणि बाहुली बुडाली की विचारावं, "आता हिला बाहेर कोण काढणार?" लेकरू स्वतः काढतं. मात्र दिवसेंदिवस तोच खेळ, तसाच, चेहऱ्यावर जराही मोकळेपणा न येता चालू राहिला, तर ती काळजीची बाब समजावी.

"मी हट्ट केला म्हणून झालं का?"

चार-पाच वर्षांच्या लेकराला जगातली प्रत्येक गोष्ट आपल्याशी जोडलेली वाटते. आपण रागावलो म्हणून आई आजारी पडली, आपण भावाला मारलं म्हणून घर पडलं, असं ते मनात धरून बसतं. बाहेर बोलत नाही. अशा वेळी घरातली मोठी माणसं काय बोलतात, याला फार महत्त्व आहे.

संकट आलं की आपल्याकडे एक बोलणं लगेच सुरू होतं. मुस्लिम घरात कुणी म्हणतं, हा अल्लाहचा अजाब आहे. हिंदू घरात कुणी म्हणतं, देवाचा कोप झाला, पाप वाढलं. मोठी माणसं आपापसांत काय मानायचं ते मानोत. पण लेकरासमोर हे बोलू नये. 'पाप' हा शब्द ऐकला की त्याला दुसऱ्याचं पाप आठवत नाही, स्वतःचं आठवतं: काल चोरून खाल्लेला लाडू, मदरशाला किंवा बालवाडीला मारलेली दांडी. भूकंप जमिनीच्या पोटातल्या हालचालींमुळे होतो, पूर जास्त पावसानं आणि अडलेल्या पाण्यानं येतो, आणि यात तुझी काहीही चूक नाही, हे त्याला स्पष्ट शब्दांत सांगायला हवं. एकदा सांगून भागत नाही. ते पुन्हा विचारेल, पुन्हा सांगावं.

मृत्यूबद्दलही तसंच. "आजोबा झोपलेत" असं सांगितलं तर लेकरू झोपायला घाबरतं. "गावाला गेलेत" म्हटलं तर ते दारात वाट बघतं, आणि सत्य कळल्यावर सांगणाऱ्यावरचा विश्वास जातो. "चांगली माणसं अल्लाहला आवडतात, म्हणून नेली" किंवा "देवाला आवडली" असं म्हटलं तर, आपण चांगलं वागलो तर आपल्यालाही नेतील का, ही भीती मनात बसते. साधं सांगावं: "आजोबा वारले. त्यांचं शरीर आता चालत नाही, त्यांना दुखत नाही. ते परत येणार नाहीत. आपल्याला त्यांची आठवण येईल, रडू येईल, आणि मी तुझ्याजवळ आहे." त्यानंतर दुआ करायची असेल, दिवा लावायचा असेल, तर त्यात लेकरालाही घ्यावं. आपल्या धर्मातल्या रीतीभाती अशा वेळी लेकरालाही आधार देतात.

"अम्मी, पुन्हा पाणी येईल का?" या प्रश्नाला "कधीच नाही येणार" हे उत्तर खोटं आहे, आणि पुढच्या पावसात ते उघडं पडतं. "पाऊस येईल. पाणी वाढलं तर आपण सगळे मिळून शाळेच्या वरच्या मजल्यावर जाऊ. अब्बा तुला उचलतील, मी बाळाला घेईन, तू तुझी पिशवी घे." हे उत्तर खरं आहे, आणि त्यात लेकराला एक कामही मिळतं. ज्याच्याकडे काम आहे ते लेकरू कमी घाबरतं.

आपलं माणूस आणि ठरलेली वेळ

दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत होते, तेव्हा ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम या दोघींनी लहान मुलांसाठी निवासी बालगृहं चालवली. त्यांच्या नोंदींतून एक गोष्ट पुढे आली. आईजवळ राहून बॉम्बचे आवाज ऐकलेली मुलं बऱ्यापैकी सावरत होती. सुरक्षित जागी, पण आईपासून लांब पाठवलेल्या मुलांना ती ताटातूट जास्त लागत होती. लहान लेकरासाठी सुरक्षित जागा म्हणजे आधी माणूस असतो, छप्पर त्यानंतर.

किल्लारीनंतर अनाथ आणि निराधार झालेल्या मुलांसाठी अनेकांनी हात पुढे केले. भारतीय जैन संघटनेचे शांतिलाल मुथ्था यांनी भूकंपग्रस्त भागातल्या सुमारे १२०० मुलांना पुण्यात नेऊन त्यांच्या शिक्षणाची सोय केली. नळदुर्गला पन्नालाल सुराणा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'आपलं घर' उभं केलं. त्या काळात या कामानं कितीतरी आयुष्यं मार्गी लागली, त्याचं ऋण मराठवाडा विसरणार नाही. तरी पाच-सहा वर्षांच्या आतल्या लेकरांबाबत आज कायद्याचं आणि तज्ज्ञांचंही म्हणणं असं आहे, की आधी जवळचं नातं शोधावं. मामा, मावशी, आज्जी, काका यांच्यापैकी कुणी सांभाळू शकत असेल तर त्या घराला मदत करावी. २०१५ च्या बालन्याय कायद्यात संस्थेत ठेवणं हा शेवटचा पर्याय मानला आहे. भावंडांची तर कधीच ताटातूट करू नये. पुढाऱ्यानं किंवा पाहुण्यानं परस्पर लेकरू "सांभाळायला" घेऊन जाणंही बरोबर नाही. बालकल्याण समितीला कळवणं बंधनकारक आहे.

यतिमांची काळजी घ्या, हे रमजानच्या प्रत्येक बयानात आपण ऐकतो. प्रेषित मुहम्मद (स.) यांचे वडील त्यांच्या जन्मापूर्वीच वारले होते, सहाव्या वर्षी आई गेली. त्यांना आधी आजोबांनी, नंतर काकांनी सांभाळलं. लेकरू आपल्याच माणसांत राहिलं. यतिमाला मदत म्हणजे फक्त पैसे नव्हेत, हे या गोष्टीतून सहज कळतं.

माणसाइतकीच महत्त्वाची आहे ठरलेली वेळ. संकटानं लेकराचा दिवस मोडतो. केव्हा उठायचं, केव्हा जेवायचं, कुठे झोपायचं, काहीच ठरलेलं राहत नाही. उद्या काय होणार हे माहीत नसणं हे भीतीचं मोठं कारण असतं. रमजानात लेकरांकडे बघा. घड्याळ न कळणारं लेकरूही सांगतं, की आता खजूर मांडायचे, आता अजान होणार, मग शरबत, मग अब्बा तरावीहला जाणार. पुढे काय होणार हे माहीत असण्यातला जो निवांतपणा त्याच्या चेहऱ्यावर दिसतो, तोच संकटानंतर त्याला परत मिळवून द्यायचा असतो. पत्र्याच्या शेडमध्ये राहायची वेळ आली तरी सकाळी तोंड धुणं, ठरल्या वेळी जेवण, संध्याकाळी गोष्ट, एकाच कोपऱ्यात झोपणं एवढं तर करता येतं.

म्हणूनच शाळा आणि अंगणवाडी लवकर सुरू होणं गरजेचं आहे. पुरात आपण शाळेच्याच इमारतीत लोकांना ठेवतो आणि शाळा बंद पडते. इमारत मिळत नसेल तर मशिदीच्या आवारात, मंदिराच्या सभामंडपात, मंगल कार्यालयात, झाडाखाली, दिवसातून दोन तास तरी तीच ताई, तीच बडबडगीतं, तीच हजेरी सुरू करावी. लेकरांना जोरानं बोलतं करायचा प्रयत्न करू नये. "सांग, काय झालं होतं" असं पाहुण्यांसमोर, कॅमेऱ्यासमोर विचारू नये. रंगीत खडू आणि कागद द्यावा, जे काढेल ते काढू द्यावं. पुराचे व्हिडिओ मोबाइलवर दिवसभर चालू ठेवू नयेत. लहान लेकराला ते जुनं वाटत नाही, पाणी परत आल्यासारखं वाटतं.

आईकडे कोण बघणार?

लेकरू आपली भीती आईच्या चेहऱ्यावरून मोजतं. पण ती आई स्वतःच मोडलेली असेल तर? भांडीकुंडी गेलेली, शेत खरडलेलं, नवरा बँकेच्या आणि तहसीलच्या फेऱ्यांत. तिला "लेकरासाठी धीर धर" एवढं सांगून आपण निघून जातो. त्याऐवजी तिच्या लेकराला दोन तास कुणी सांभाळलं, तिला झोपू दिलं, तिचं ऐकून घेतलं, तर त्याचा फायदा थेट लेकराला होतो. हे काम शेजारणीचं, नणंदेचं, बचत गटाच्या बायकांचं आहे. मोहल्ल्यातल्या बायकांनी पाळी लावली तर अवघडही नाही.

इथे किल्लारीच्या लेकरांकडे पुन्हा यावं लागतं. १९९३ मध्ये पाच-सहा वर्षांची असलेली लेकरं आज चाळिशीजवळ आहेत आणि त्यांना स्वतःची लेकरं आहेत. नवी गावं वसली, सिमेंटची घरं झाली, रस्ते रुंद झाले. पण जुन्या गल्लीतले शेजार बरेचसे पांगले. घराचं आणि धान्याचं बोलणं झालं. मनाचं बोलणं फार थोड्यांच्या वाट्याला आलं. आजही कुणी पहाटे दचकून उठत असेल, खोलीचं दार बंद करून झोपत नसेल, तर तो भित्रा नाही. त्यानं आपल्या लेकराला हे सांगावं: "मी लहान असताना खूप घाबरलो होतो, म्हणून मला असं होतं. आता हे घर मजबूत आहे." बापाची भीती न सांगता लेकराकडे जाते. सांगितली तर तिचं ओझं हलकं होतं.

डॉक्टर केव्हा?

बहुतेक लेकरं घरच्या मायेनं आणि ठरलेल्या दिनक्रमानं काही आठवड्यांत सावरतात. एक महिना उलटूनही झोप, खाणं, बोलणं सुधारलं नाही, लेकरू खेळायचंच बंद झालं, सतत शून्यात बघतं, किंवा मरणाबद्दल बोलतं, तर थांबू नये. नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. तिथल्या मानसोपचार विभागात दाखवता येतं. १४४१६ हा 'टेलिमानस'चा मोफत क्रमांक आहे, त्यावर मराठीत बोलता येतं. लेकरू हरवलं, एकटं सापडलं किंवा संकटात असेल तर १०९८.

लेकराला दृष्ट लागली, हवा लागली म्हणून आपण दर्ग्यावर नेतो, कुणी देवऋषीकडे नेतो. दुआ जरूर मागावी. सोबत डॉक्टरही असावा. ताप आला तर आपण दोन्ही करतोच.

उपचाराचा उपयोग होतो का, अशी शंका कुणाला असेल तर एक उदाहरण सांगण्यासारखं आहे. डिसेंबर १९८८ मध्ये आर्मेनियात भूकंप झाला, तेव्हा शाळा भरलेल्या होत्या आणि फार मुलं गेली. दीड वर्षानं तिथल्या काही शाळांत कुमारवयीन मुलांना थोड्या बैठकांचे मानसोपचार दिले गेले. पुढे तपासलं तेव्हा उपचार मिळालेली मुलं सुधारली होती. न मिळालेल्यांचं दुःख तसंच होतं किंवा वाढलं होतं. आपल्याकडेही बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेनं ओडिशाचं चक्रीवादळ, गुजरातचा भूकंप, त्सुनामी अशा प्रसंगांनंतर शिक्षकांसारख्या गावातल्याच लोकांना हे काम शिकवलं. म्हणजे हे फक्त मोठ्या डॉक्टरांचंच काम आहे असं नाही. आपल्या अंगणवाडीताई आणि आशाताई हे शिकू शकतात.

पावसाआधीचं काम

ईद होईल, उन्हाळा जाईल आणि जूनमध्ये पुन्हा ढग येतील. मन्याड, लेंडी, मांजरा, तेरणा, गोदावरी या नद्यांच्या काठच्या घरांत लेकरं आभाळाकडे बघतील. तोवर थोडं करून ठेवता येईल. लेकराला स्वतःचं पूर्ण नाव, गावाचं नाव आणि एक मोबाइल नंबर पाठ करून घ्यावा. संकटात कुठे जायचं ते त्याला हाताला धरून एकदा दाखवून आणावं. घाईत कुणी कुणाला उचलायचं ते ठरवावं. त्याच्या आवडीची एक छोटी वस्तू पिशवीत ठेवू द्यावी.

या महिन्यात सदका, फितरा निघेल, शेजारच्या मंडळांकडूनही मदतीचे संच तयार होतील. धान्य, तेल, साखर, चादरी यांच्या यादीत आणखी एक ओळ वाढवता येईल: रंगीत खडूंची पेटी, कोरी वही, एक चेंडू. खर्च शंभर-दोनशे रुपयांचा. आणि ते देताना दोन मिनिटं खाली बसून, लेकराच्या डोळ्यांच्या उंचीला येऊन, त्याचं नाव विचारावं.